पहिली वेलांटी

"ताई, कागद लावलाय. सरळ हाय का बगा हात लावून," चौगुले मामा म्हणाले.

कागद सरळच होता. आमच्या ब्रेल छापखान्यात कागद लावणं, पानं जुळवणं आणि पुस्तकं शिवणं ही कामं मामा वीस वर्षं करत होते, आणि त्यांनी लावलेला कागद तसूभर सरकलेला मला आठवत नाही. तरी मी दोन्ही कडांवरून बोट फिरवलं आणि मग पुन्हा एकदा फिरवलं. त्या दिवशी कुणावर विश्वास ठेवण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते.

"आता पुना चाचपू नगा. तुमच्याच हातानं सरकंल," मामा म्हणाले.

साडेदहा वाजले होते. अकराला संस्थेचे अध्यक्ष चिंचलीकर साहेब येणार होते आणि दुपारच्या जेवणाआधी ठरणार होतं, की ब्रेल छापायच्या मशीनवर मी बसणार की अजित खोत.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. सांगलीच्या आमच्या अंधशाळेच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत हा छापखाना होता. मी त्याच शाळेत शिकले आणि पुढे छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागले. म्हणजे छापून आलेलं प्रत्येक पान बोटांनी वाचायचं आणि चुका काढायच्या. मला जन्मापासून दिसत नाही, पण बोटांच्या बाबतीत मी गर्विष्ठ आहे आणि ते लपवत नाही. तीन वर्षांत माझ्या हाताखालून एकही चूक निसटली नव्हती.

मशीन चालवायची शुभदा. तिला दिसायचं. तिचं लग्न ठरलं, ती नाशिकला गेली आणि जागा रिकामी झाली. संस्थेने जाहिरात दिली, त्यात खाली अट होती, 'उमेदवार डोळस असावा.' मी तरीही अर्ज केला, आणि तो ब्रेलमध्ये केला. साहेबांना तो कुणाकडून तरी वाचून घेणं भाग होतं. शाळेतले मास्तर त्या दिवशी सहलीला गेले होते, त्यामुळे शेवटी तो त्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतला.

"पद्मजा, अगं, हे सगळं खरं," ते म्हणाले होते. "पण मशीनच्या त्या प्रोग्रॅमवर सगळी चित्रं आहेत म्हणे. ती तुला कशी कळणार?"

"चित्रांवाचून चालतं साहेब."

"कसं चालतं?"

"चाचणी घ्या. दाखवते."

चिंचलीकर साहेब पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर. चाचणी म्हटलं की त्यांना नाही म्हणवत नसे. त्यांनी लगेच ठरवून टाकलं, की मजकूर ते स्वतः सांगतील, दोघांनी तोच टाइप करायचा, दोघांनी एकेक पान छापायचं आणि ज्याचं पान चांगलं त्याची जागा.

चित्रांवाचून कसं चालतं ते सांगायला हवं. आमचा कॉम्प्युटर बोलका होता. पडद्यावर अक्षरं असली की तो ती परदेशी उच्चारात वाचून दाखवायचा. पण मशीनबरोबर जो प्रोग्रॅम आला होता त्यात अक्षरंच नव्हती. तो उघडला की बोलका कॉम्प्युटर "चित्र, चित्र, बटण, चित्र" एवढंच म्हणत बसायचा. मग एकदा तो प्रोग्रॅम अडकला आणि मशीन पुरवणाऱ्यांच्या इंजिनियरने शुभदाला फोनवरून दुसरीच वाट सांगितली. एक साधी खिडकी उघडायची. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, नुसती एक ओळ. त्या ओळीवर हुकूम लिहायचा आणि एंटर दाबायचं. पहिला हुकूम 'मोड', म्हणजे मशीनकडे जाणाऱ्या तारेतून अक्षरं किती वेगाने सोडायची ते. दुसरा 'कॉपी', मग फाईलचं नाव, मग त्या तारेचं नाव, 'कॉम वन'. की झालं. फाईल तारेतून एकेक अक्षर करत जाते आणि मशीन ठकठक सुरू करतं.

शुभदाला ते आवडलं नाही. "ई, नुसता काळा पडदा आहे," ती म्हणाली. मला काळ्याचं काय? मी शेजारी बसून ऐकत होते आणि बोलका कॉम्प्युटर त्या काळ्या पडद्यावरचं प्रत्येक अक्षर वाचत होता. कॉपी, स्पेस, कॉम वन. इतकं स्पष्ट माझ्याशी तोवर कुठलंही यंत्र बोललं नव्हतं. पुढचा महिनाभर डबा खायच्या सुट्टीत मी एका हाताने पोळी खाल्ली आणि दुसऱ्या हाताने ते दोन हुकूम गिरवले. ब्रेलची सहा टिंबं सहा कळांवर बसवणारी एक सोय कॉम्प्युटरवर होती, तीही शिकून घेतली. मग मला कुणाचा प्रोग्रॅम नको होता की कुणाचे डोळे.

आणि आता हा अजित खोत आला होता. सांगलीतल्याच विश्रामबागच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचा. चाचणीच्या आदल्या दिवशी साहेबांच्या परवानगीने सरावाला आला होता, तेव्हाच मला कळलं की त्याचा हात भरधाव चालतो. आवाज मऊ, बोलणं अदबीचं, येता-जाता "नमस्कार मॅडम". तो जरा उद्धट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

साहेब अकराच्या ठोक्याला आले. सोबत त्यांची वेताची काठी आणि घसा खाकरण्याची सवय.

"आधी खोत, मग पद्मजा. चालेल ना?"

"चालेल साहेब," आम्ही दोघंही म्हणालो.

साहेब सांगू लागले. "संस्थेचे अध्यक्ष दिगंबर चिंचलीकर यांच्या हस्ते दिवाळीनिमित्त मुलांना नवीन पुस्तके दिली जातील..." असा दहा-बारा ओळींचा मजकूर. स्वतःचं नाव पहिल्याच ओळीत आणायला ते विसरले नाहीत. साहेबांचं वाक्य संपायच्या आत खोतचं टाइप करून होत होतं. मग माऊसचे तीनचार टिकटिक आवाज आले, त्या प्रोग्रॅमने मजकुराचं ब्रेल केलं आणि मशीन एका लयीत ठोकायला लागलं. पान बाहेर आलं. मामांनी ते फाडून साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी पानावर तळहात फिरवला. पंधरा वर्षं ते अध्यक्ष होते, पण ब्रेलचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. भाकरी भाजली का बघावी तसा ते पानावर हात ठेवायचे.

"सुरेख," ते म्हणाले. "टिंबं टपोरी आलीत. ओळीही एकसारख्या. शाब्बास खोत."

तेवढ्यात वीज गेली. त्या दिवसांत सांगलीत वीज येणं-जाणं काही नवलाचं नव्हतं. पाच मिनिटांनी आली, मामांनी कॉम्प्युटर परत सुरू केला आणि मी खुर्चीत बसले.

साहेबांनी तोच मजकूर पुन्हा सांगितला. सहा बोटांनी मी तो लिहिला, फाईल ठेवली, काळी खिडकी उघडली. लिहिलं, कॉपी, फाईलचं नाव, कॉम वन. कॉम्प्युटरने वाचून दाखवलं, बरोबर होतं. एंटर दाबलं.

मशीनच्या पहिल्या चार ठोक्यांतच मला कळलं की घात झाला. नीट छापणारं मशीन एका चालीने चालतं. हे उचकी लागल्यासारखं थांबत, परत धावत होतं. मामांनी पान हातात दिलं तेव्हा माझ्या बोटांना एकही शब्द लागेना. नुसता चुरा होता.

"असू दे पद्मजा," साहेब म्हणाले. "प्रयत्न केलास हे महत्त्वाचं."

त्यांच्या आवाजात जी माया होती ती मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. ती ऐकू आली की हातातलं काम जाणार हे समजायचं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला आणि काय चुकलं ते आठवायला लागले. वीज गेली होती. वीज गेली की कॉम्प्युटर तारेचा वेग विसरतो. चित्रांचा प्रोग्रॅम तो आपला आपण परत सांगतो, पण काळ्या खिडकीत तो माणसाने सांगायचा असतो. दोन हुकमांपैकी पहिला मी घाईत गिळून टाकला होता.

"साहेब, चूक कळली. आणखी एक कागद द्या."

"एकेक पान ठरलं होतं गं."

"साहेब, द्या की," खोत म्हणाला. "माझ्या वेळेला लाइट नव्हती गेली."

मला त्याचा राग आला. कुणी मागितली होती त्याची मदत? पण कागद हवा होता, म्हणून गप्प बसले. मामांनी कागद लावला. मी 'मोड' लिहिलं, वेग सांगितला, मग 'कॉपी'. मशीन चालीत आलं आणि शेवटपर्यंत चालीत राहिलं.

"आलं की वो ताई," मामा म्हणाले, आणि मग पान हातात घेऊन जरा थांबले. "पर समास न्हाय सोडला. हे सगळं शिवणीत जातंय."

खरं होतं. डावीकडची जागा सोडायची मी विसरले होते. शुभदाचा प्रोग्रॅम ती सोडायचा आणि मी कधी ती मोजली नव्हती. साहेबांनी तिन्ही पानं टेबलावर शेजारी ठेवली. खोतचं नेटकं, माझं कडेला चिकटलेलं, आणि त्याच्याआधी वाया गेलेलं एक. त्यांनी घसा खाकरला. निर्णय सांगण्याआधी ते दोनदा खाकरत असत. एकदा झालं होतं.

"साहेब," मी म्हटलं, "पानं वाचून तर बघू."

"हो, वाच की. वाचायलाच हवं."

माझं मी आधी वाचलं, कारण ते अचूक आहे हे मला ठाऊक होतं. मग खोतचं पान पुढ्यात ओढलं आणि चांगलं मोठ्याने वाचलं.

"संस्थेचे अध्यक्ष इदगंबर इचंचलीकर यांच्या हस्ते इदवाळीइनइमत्त मुलांना नवीन पुस्तके इदली जातील."

मग मामांच्या नाकातून हसू फुटलं.

"इडली? पुस्तकं आन् इडली?"

"इदली," मी म्हटलं. "जसं छापलंय तसं वाचतेय."

"काय म्हणालीस माझं नाव?" साहेबांनी विचारलं.

"इदगंबर इचंचलीकर."

मला हसू आवरत नव्हतं आणि मी ते आवरायचा प्रयत्नही करत नव्हते. "खोत, तुम्ही टायपिंग शिकवता ना? मग शुद्धलेखन कोण शिकवतं तिथं?"

"मॅडम, मी बरोबर टाइप केलंय," खोत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. "दिगंबर. पहिली वेलांटी, मग द, मग ग."

"वेलांटी आधी?"

"आधीच असते."

"कशाच्या आधी?"

"अक्षराच्या. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात. दुसरी नंतर."

मला वाटलं तो वेळ मारून नेतोय. 'पहिली वेलांटी' हा शब्द मी पहिलीपासून ऐकत आले होते. मला वाटायचं, पहिली म्हणजे एक नंबरची, तोकडी, आणि दुसरी म्हणजे लांब. ब्रेलमध्ये दोन्ही अक्षराच्या नंतरच येतात, कारण बोलताना त्या नंतर येतात. द म्हणायचा, मग इ. दुसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"मामा, खरं आहे का हे?"

"खरं हाय ताई. आदी काना मारायचा, त्येच्यावर टोपी, मग अक्षर."

"साहेब?"

"हो गं. तशीच पद्धत आहे."

"म्हणजे तुम्ही सगळे इ आधी लिहिता आणि नंतर म्हणता?"

"तसंच म्हणायला हवं," साहेब म्हणाले. सत्तरीच्या माणसाला तोवर हा प्रश्न पडला नव्हता हे त्यांच्या आवाजावरून समजत होतं.

"का?"

खोत माझ्या टेबलाशी आला, "बोट देता का मॅडम?" म्हणाला, आणि माझं बोट धरून टेबलावर त्याने एक उभी रेघ ओढली, तिच्या डोक्यावरून उजवीकडे एक कमान नेली आणि कमानीखाली द काढला. सव्विसाव्या वर्षी मला पहिली वेलांटी कळली. कळा ज्या क्रमाने दाबल्या त्याच क्रमाने प्रोग्रॅम टिंबं ठेवत होता, म्हणून 'दि'चं 'इद' झालं होतं. पुढे शुभदाला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "अगं, मी ब्रेलसाठी वेलांटी मुद्दाम नंतर टाकायचे. पडद्यावर घाण दिसायचं, पण पान बरोबर यायचं." तिने मला कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. खोतला तर सांगणारं कुणी नव्हतंच.

साहेब मात्र नावावरून दुखावले होते. "खोत, हे बरं नाही झालं," ते म्हणाले. "कालचा अख्खा दिवस तुम्हाला सरावाला दिला होता. एखादं पान कुणाकडून तपासून घ्यायचं साधं सुचू नये?"

साहेबांनी काठी एकदा जमिनीवर आपटली.

"असलं पान मुलांच्या हातात गेलं असतं तर? विचारायला काय कमीपणा होता? शेजारच्या टेबलावर पद्मजा बसलेली असते."

"चुकलं साहेब," खोत म्हणाला.

एवढंच म्हणाला आणि थांबला. मी वाट पाहिली. पुढचं वाक्य तो आता बोलेल, मग बोलेल, असं वाटत होतं. तो बोलला नाही.

ते वाक्य मला ठाऊक होतं. आमच्या छापखान्याची एक रीत होती. छापलेलं पान माझ्या टेबलावर डावीकडे ठेवायचं. मी वाचायची. चूक असली तर वरचा उजवा कोपरा दुमडून उजवीकडे ठेवायची. कोपरा सरळ असला की पान पास. तोंडाने एक शब्द बोलायची गरज नसायची. आदल्या दिवशी दुपारी खोतने संस्थेच्या एका जुन्या सूचनेवरून सरावाचं एक पान छापलं होतं आणि मामांना विचारून ते माझ्या डावीकडे ठेवलं होतं. "ठेवा की, चुकलं तर कोपरा दुमडून येतंय," असं मामा म्हणालेले मी ऐकलं होतं. ते पान मी वाचलं होतं. पहिल्या ओळीतच 'इदगंबर' लागला आणि मला मनातून इतकं बरं वाटलं, की आजही सांगताना कान तापतात. मी ते पान शेवटपर्यंत वाचलं, कोपरा न दुमडता उजवीकडे सरकवलं आणि घरी गेले. खोतने ते उचललं, कोपरा सरळ बघितला आणि तसंच आज साहेबांसमोर छापलं.

आता जागा माझीच होती. साहेब दुसऱ्यांदा खाकरले की झालं असतं. मामांना रीत माहीत होती, पण मी ते पान वाचलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं. खोतला माहीत होतं, पण तो बोलत नव्हता. तो का बोलत नाही ते मला कळेना आणि त्यामुळे मला बसवेना.

"साहेब," मी म्हटलं, "त्यांनी तपासून घेतलं होतं."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून. काल पान माझ्या टेबलावर ठेवलं होतं. मी वाचलं. हीच चूक होती. मी कोपरा दुमडला नाही."

"विसरलीस?"

"नाही साहेब. मुद्दाम."

साहेबांची खुर्ची मागे सरकली. काठीचा आवाज खिडकीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. मामांनी उगाचच रिकाम्या मशीनवरून फडकं फिरवलं. मी मनात नोकरीवर पाणी सोडलं होतं, नुसत्या नव्याच नाही, जुन्याही. आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव सुरू केली होती. भीती वाटत होती, पण कालपासून पहिल्यांदाच हलकंही वाटत होतं.

"पंधरा वर्षं," साहेब खिडकीशी उभे राहूनच म्हणाले, "मी या पानांवर हात फिरवतोय. मला सगळीच सुरेख लागली. माझ्या देखत माझ्याच नावाचं इचंचलीकर झालं आणि मी शाब्बास म्हणालो."

मग घसा न खाकरताच ते पुढे बोलले.

"खोत, मी उद्या तुम्हाला मशीन दिलं, तर तुमची चूक तुम्हाला कळेल?"

"नाही साहेब," खोत म्हणाला. "मी रोज चुकलो तरी मला कळणार नाही."

"आणि पद्मजा, तुझी तुला?"

"टिंबाला बोट लागलं की कळते. आजची तर आवाजावरूनच कळली होती."

काठी परत टेबलाशी आली. "मग मशीन हिनंच चालवायचं. ज्याला चूक कळते त्यानं. ती अट कुणी घातली होती, डोळस असावा म्हणून?"

"तुम्हीच साहेब," मामा म्हणाले.

"मीच खोडतो. ब्रेल वाचता यावं, असं लिहा त्या जागी. आणि छापील पुस्तकं वाचून टाइप करायला माणूस लागणारच आहे. खोत, दुपारचे तीन तास यायला जमेल का? इन्स्टिट्यूट सांभाळून?"

"जमेल साहेब."

"वेलांटीचं तेवढं बघा." मग त्यांचा आवाज माझ्याकडे वळला, आणि त्यात माया अजिबात नव्हती. "पद्मजा, चुकीचं पान सरळ कोपऱ्यानं तुझ्या टेबलावरून परत एकदा जरी गेलं, तर मी तुला याच शाळेत पहिलीच्या वर्गात नेऊन बसवीन. तिथे बसून पाटीवर पहिली वेलांटी काढायची."

"हो साहेब," मी म्हटलं. असं रागावून बोलणं त्यांच्याकडून मला पहिल्यांदाच मिळत होतं आणि ते मला फार आवडलं.

साहेब गेले. मामा चहा सांगायला गेले. खोत सायकल काढायला फाटकाकडे निघाला तेव्हा मीही काठी घेऊन त्याच्या मागून गेले. सायकलचं स्टँड वर गेल्याचा आवाज आला.

"खोत, थांबा जरा."

"बोला मॅडम."

"साहेब एवढं बोलत होते तुम्हाला. पान मला दिलं होतं हे का नाही सांगितलंत? जागा तुमची झाली असती."

सायकलची घंटी त्याच्या हाताने उगाच अर्धवट वाजली.

"कसं सांगणार? सगळ्यांच्या समोर तुम्हाला खाली बघायला लागलं असतं," तो म्हणाला. "आणि मला वाटलं, एखादं पान राहतं माणसाचं. नजरचुकीनं राहिलं असेल."

हे म्हणाला आणि दचकला. "म्हणजे, तसं नाही मॅडम. बोलण्यात येतं. मला म्हणायचं होतं की..."

मी हसायलाच लागले. फाटकाचा खांब धरून हसले. आयुष्यभर लोक माझ्यापुढे 'बघ' आणि 'दिसतं' हे शब्द चाचरत गिळत आले होते, आणि या माणसाने मला चक्क एक नजरचूक बहाल केली होती. मग हसता हसता डोळ्यांना पाणी आलं आणि ते हसण्याचं नव्हतं.

"माझी नजर कधी चुकत नाही, खोत," मी म्हटलं. "त्याचीच लाज वाटतेय."